पाकीट उलटं करून बघा: मांजराचं खाणं निवडताना

पावसाळा सरत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे नाहीतर बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये पिल्लू सापडलेलं असतं आणि पोरांनी ते घरात आणलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला, "काय घालू त्याला?" फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं.

आमचा बोका सात वर्षांचा आहे. टेरी टॉवेलच्या गोदामात, डागी मालाच्या ढिगात सापडला, म्हणून पोरांनी नाव ठेवलं टॉवेल. पहिलं वर्षभर त्याला मी दूध-भाकरी घातली, वर कुत्र्याची बिस्किटं. शेजारच्या अव्वा म्हणाल्या होत्या, "अगं, एवढं काय की त्याचं! आमच्या कारखान्यात चार-चार मांजरं होती. सकाळी बशीभर दूध, रात्री उरलेला भात. कधी डॉक्टर बघितला नाही त्यांनी."

अव्वा खोटं बोलत नव्हत्या. फक्त हिशेबातली एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती. ती मांजरं कारखान्यात ठेवलीच होती ती सुताच्या बंडलांना लागणाऱ्या उंदरांसाठी. पोट उंदरांवर भरत होतं, दूध-भात वरचा खाऊ होता. उंदीर म्हणजे मांजराचं पूर्ण ताट: मांस, चरबी, काळीज (म्हणजे यकृत), हृदय, हाडांतलं कॅल्शियम आणि निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी. जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर येत नाही. मग त्याची भरपाई पाकिटातून करायची. पाकीट हातात घेतलं की मी एवढंच बघते, उंदराचं काम हे करेल का?

१. आधी मांजर बघा, मग दुकानात जा

दुकानात शिरण्याआधी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: वय, वजन आणि नसबंदी झाली आहे का.

वर्षाच्या आतलं ते पिल्लू, त्याला पिल्लांचंच खाणं. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय अंदाजानं धरावं लागतं. धडधाकट पिल्लू सुरुवातीच्या महिन्यांत दर महिन्याला साधारण अर्ध्या किलोच्या आसपास वाढतं, म्हणजे किलोभराचं पिल्लू दोन महिन्यांच्या आगेमागे असतं. उपाशी राहिलेलं असेल तर वय जास्त निघतं. दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, ते डॉक्टरांना दाखवून घ्या. डोळेही नीट न उघडलेलं, आईविना पिल्लू सापडलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. त्याला मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर लागते, पिशवीतलं दूध चालत नाही.

वजन करायला वेगळा काटा नको. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. त्याहून चांगली परीक्षा हाताची. आपल्या हाताचा पंजा सरळ धरा आणि पंजाच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. मांजराच्या फासळ्या तशा लागल्या की ठीक. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारख्या टोचल्या तर ते रोडावलंय. दाबूनही लागत नसतील, तर कौतुकाने 'गुबगुबीत' म्हणणं बंद करा.

नसबंदी झालेल्या मांजराची भूक वाढते आणि गरज कमी होते. नेमकं उलटं, पण असंच आहे. म्हणून तशा मांजरासाठी कमी उष्मांकाचं खाणं घ्या किंवा तेच खाणं मोजून घाला.

२. मांसच का

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो, बहुधा शाकाहारी घरातून: "पनीर आणि डाळीवर नाही का भागणार?" नाही भागणार. कुत्रा भाकरीवर निभावून नेतो, मांजराचं शरीर त्या बाबतीत अडून बसलेलं आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण जीवनसत्त्व अ बनवतो, मांजराला ते बनवता येत नाही. त्याला ते तयार लागतं आणि ते प्राण्यांच्या काळजात असतं. टॉरिन नावाचा एक घटक आपलं शरीर तयार करतं, मांजराचं शरीर पुरेसा करत नाही. तो मांसात, विशेषतः हृदयात आणि काळजात भरपूर असतो, वनस्पतींत जवळजवळ नसतोच.

टॉरिन कमी पडलं तर काय होतं हे जगाला बऱ्याच उशिरा कळलं. डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ च्या सुमारास उघड झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्यामागेही टॉरिनचा अभाव असतो, आणि टॉरिन दिलं की ते बऱ्याच प्रमाणात सुधारतं. त्यातली काही मांजरं विकतच्या खाण्यावरच वाढलेली होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. टॉवेलला मी वर्षभर घातलेल्या कुत्र्याच्या बिस्किटांवर टॉरिनचा उल्लेखही नव्हता. कुत्र्याच्या खाण्यात तो असलाच पाहिजे असं नाही, कारण कुत्रा तो स्वतः बनवतो. ते वर्ष आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घरात मांस शिजवायचं नसेल तर कोरड्या दाण्यांचं पाकीट हा मधला रस्ता आहे. वेगळी वाटी, वेगळा चमचा, बाल्कनीतला कोपरा. माझ्या ओळखीतली दोन घरं असंच करतात आणि मांजरं ठणठणीत आहेत. तेही चालणार नसेल तर ससा पाळा. मांजराला शाकाहारी करू नका.

३. पाकिटाची मागची बाजू

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर उडी मारणारा मासा असतो, चकचकीत मांजर असतं. ती बाजू तुमच्यासाठी. लाल-हिरवे दाणेही तुमच्यासाठीच. मांजराला रंगाशी देणंघेणं नाही. मांजराचं जे काही आहे ते मागे, बारीक अक्षरात. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा, लाजू नका.

पहिली गोष्ट, तिथे 'कम्प्लीट' हा शब्द आहे का. 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' म्हणजे रोज हेच घातलं तरी मांजराच्या गरजा भागतात असा कंपनीचा दावा. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट', 'सप्लिमेंटल' असं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. नवे लोक इथे हमखास फसतात. चाटायला द्यायच्या त्या क्रीमच्या कांड्या, आणि नुसते माशाचे तुकडे असलेली काही महागडी पाऊचं (ओल्या खाण्याची छोटी पाकिटं) 'कॉम्प्लिमेंटरी' असतात. मांजर तुटून पडतं आणि आपल्याला वाटतं, काय छान खातंय. पेढ्यावर जगल्यासारखं आहे ते. (पेढ्यावरून आठवलं: मांजराला गोड चवच कळत नाही. त्या चवीचं जनुक त्यांच्यात बंद पडलंय, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. पेढ्याकडे ते येतं ते स्निग्धपणासाठी.)

'कम्प्लीट'च्या आसपास आफ्को किंवा फेडिआफ अशी नावं दिसतील. आफ्को ही अमेरिकेतल्या पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, फेडिआफ युरोपातल्या उत्पादकांची. दोघी पोषणाची किमान प्रमाणं ठरवून देतात. पाकीट तपासून शिक्का मारणं हे आफ्कोचं काम नाही, त्यामुळे 'आफ्को प्रमाणित' असं कुणी सांगितलं तर मनातल्या मनात हसा. 'कम्प्लीट'च्या त्या वाक्यात वयही असतं: पिल्लांच्या वाढीसाठी, मोठ्यांसाठी किंवा सर्व वयांसाठी. तुमच्या मांजराच्या वयाशी ते जुळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, घटकांची यादी. वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक सगळ्यात आधी, या क्रमाने ती छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासा, मटण, काळीज असं प्राण्यांचं नाव हवं. मका, गहू, तांदूळ, सोयाबीन यांनी सुरुवात होत असेल तर पाकीट परत फळीवर. पण इथे एक मेख आहे. 'चिकन' पहिलं आणि 'चिकन मील' तिसरं असेल तर चिकन जास्त, असं वाटतं. ताजी मासळी आणि सुकट यांचा फरक आठवा. किलोभर ताज्या मासळीत बहुतेक पाणीच असतं, किलोभर सुकटीत जवळजवळ सगळा मासा. 'मील' म्हणजे वाळवून दळलेलं मांस, एका अर्थी सुकट. ताजं चिकन पाण्याच्या वजनावर यादीत वर चढतं आणि दाणे तयार होताना ते पाणी उडून जातं. म्हणून 'चिकन मील' वाचून नाक मुरडू नका. नाव घेतलेलं 'चिकन मील' बरं, नुसतं 'मीट मील' जरा मोघम.

'बाय-प्रॉडक्ट' या शब्दालाही लोक उगाच घाबरतात. काळीज, गुर्दा, फुप्फुस, वजडी असलं सगळं त्यात येतं. ज्या गावात रविवारी वजडी आणि मुंडीसाठी रांग लागते त्या गावाने मांजराच्या खाण्यातल्या काळजाला हलकं समजू नये. उंदरातलं तेही तर मांजर खातं.

तिसरी गोष्ट, आकडे. प्रथिनं म्हणजे 'क्रूड प्रोटीन' आणि ओलावा म्हणजे 'मॉइश्चर' हे दोन आकडे शोधा. कोरड्या दाण्यांवर ३२ टक्के प्रथिनं लिहिलेली असतात आणि पाऊचवर ९ टक्के, म्हणून पाऊच फालतू आहे असं एकाने मला ठासून सांगितलं होतं. पाणी वजा करून बघा. दाण्यांत ओलावा १० टक्के असेल तर कोरडा भाग ९०. ३२ भागिले ९०, म्हणजे साधारण ३६ टक्के. पाऊचमध्ये ओलावा ८२ असेल तर कोरडा भाग १८. ९ भागिले १८, म्हणजे ५० टक्के. जिंकलं कोण? आफ्कोची किमान मर्यादा अशी पाणी वजा करूनच मोजतात: मोठ्या मांजराला २६ टक्के, पिल्लाला ३०. मोठ्या कुत्र्याला १८ पुरतात, आणि कुत्र्याची बिस्किटं मांजराला का चालत नाहीत याचं दुसरं कारण ते. ही किमान मर्यादा झाली. मी स्वतः ३५ च्या खाली सहसा जात नाही.

'ग्रेन फ्री' या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. धान्य काढून बटाटा नाहीतर वाटाणा घातलेला असतो, तोही पिष्टच.

कुठल्या कंपनीचं घेऊ, असं विचारलंत तर मी नाव सांगत नाही. व्हिस्कास, मी-ओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन ही नावं आपल्याकडच्या दुकानांत दिसतात. त्यातली व्हिस्कास आणि रॉयल कॅनिन तर मार्स या एकाच उद्योगसमूहाची. एकाच नावाखाली पाच प्रकारची पाकिटं असतात आणि प्रत्येकाची मागची बाजू वेगळी. नाव वाचून काही कळत नाही.

४. तारीख आणि वास

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात ही पायरी दोन ओळींत संपते. आपल्याकडे ती सगळ्यात महत्त्वाची.

कोरड्या दाण्यांवर शेवटी चरबीचा हात फिरवलेला असतो, चवीसाठी. ही चरबी हवा आणि उष्णता लागली की खवट होते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या दुकानात, पोटमाळ्यावर नाहीतर उन्हात उभ्या कुरियरच्या गाडीत त्या पाकिटाचं काय होत असेल? छापलेली मुदत थंड, कोरड्या जागी ठेवलेल्या बंद पाकिटाची असते.

एका दुकानात दहा किलोचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं होतं, वर प्लास्टिकचा मग. "सुटं घ्या ना, स्वस्त पडतं," दुकानदार म्हणाला. मी चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चुरडले आणि नाकाशी नेले. शेंगा चटणी करताना एखादा खवट शेंगदाणा हातात आला की जो वास येतो, घशाच्या मागे कडू लागणारा, नेमका तोच. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. किलोभर शेंगदाण्यांतून खवट दाणा वासावरून वेगळा काढणारी नाकं आहेत आपली. तेच नाक इथे लावा. ताज्या दाण्यांना मासळीचा, मांसाचा वास येतो, नकोसा वाटला तरी तो ताजा असतो. जुन्या रंगासारखा किंवा शिळ्या तेलासारखा वास आला तर घेऊ नका. मांजर घरचं पाकीट अचानक सोडून देतं तेव्हा आपण 'नखरे' म्हणतो. आधी पाकिटाचा वास घ्या.

तेव्हा सुटं घेऊ नका. सुट्यावर तारीख नसते, घटक नसतात, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आयात मालावर वेगळी पट्टी चिकटवलेली असते. ती जुन्या तारखेवर नेमकी बसवलेली दिसली तर दुसरं पाकीट मागा. जिथे माल भराभर खपतो असं दुकान गाठा, थोडं लांब पडलं तरी.

एका मांजराला महिन्याला दीड-पावणेदोन किलो दाणे लागतात, म्हणून किलो-सव्वा किलोचं पाकीट घ्या. सात किलोची बॅग स्वस्त दिसते खरी, पण ती चार-साडेचार महिने उघडी राहणार. उघडल्यावर महिना-सव्वा महिन्यात संपलं पाहिजे. दाणे डब्यात ओतू नका. पाकिटाचं तोंड दुमडून, चिमटा लावून, अख्खं पाकीटच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. ओतलेल्या दाण्यांचं तेल डब्याच्या तळाला चिकटून राहतं आणि पुढच्या पाकिटाला खवट करतं. डबा माळ्यावर नको, गॅसच्या ओट्याखाली नको, देवघराच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात ठेवा. म्हणजे देवाची हरकत नसेल तर.

मुंग्यांसाठी जुनाच उपाय: पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध वाटी. ओलं खाणं उन्हाळ्यात वाटीत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. उघडलेलं पाऊच फ्रीजमध्ये दोन दिवस. घालताना गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करा, गार खाणं बरीच मांजरं हुंगून सोडतात. फुगलेलं पाऊच दिसलं तर उघडूही नका.

५. किती, आणि केवढ्याला

चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला २०० ते २४० किलोकॅलरी पुरतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० असतात. म्हणजे दिवसाला ५५-६० ग्रॅम, बस्स. पहिल्यांदा काट्यावर मोजलंत तर विश्वास बसणार नाही, इतकं थोडं दिसतं. पाकिटावरच्या तक्त्यात आकडा बहुधा थोडा सढळ असतो. तिथून सुरुवात करा आणि फासळ्यांच्या परीक्षेवरून कमी-जास्त करा. पिल्लाला मात्र हात आखडू नका, वजनाच्या मानाने त्याला मोठ्याच्या दुपटीहून जास्त लागतं.

उंदीर साधारण ३० किलोकॅलरीचा असतो. म्हणजे मांजर मुळात दिवसाला सात-आठ छोटी जेवणं जेवणारा प्राणी. आपल्याला इतक्या वेळा जमत नाही, पण दोनाऐवजी तीन-चार वेळा विभागून घाला. पिल्लाला चार वेळा तरी.

पैशांचा हिशेब किलोवर करू नका, दिवसावर करा. समजा सव्वा किलोचं पाकीट ४५० रुपयांना आणि रोज ५५ ग्रॅम, तर पाकीट साधारण २२ दिवस जातं, दिवसाला २० रुपये. स्वस्त पाकिटात पिष्ट जास्त असेल तर मांजर जास्त खातं आणि शीच्या ट्रेमध्येही जास्त टाकतं. पूर्ण दिवस पाऊचवर काढायचा तर तीन पाऊच लागतात. ते आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपत नाही. माझा मेळ असा: ३५ ग्रॅम दाणे आणि एक 'कम्प्लीट' पाऊच. पाऊच का, ते पुढे येतंय.

६. पाणी

मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी शिकारीतून मिळायचं, त्यामुळे तहान लागली तरी वाटीकडे धावण्याची सवय कमी. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागतं. ५५ ग्रॅम दाण्यांतून मिळतं जेमतेम ५. ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५-७०.

टॉवेल तीन वर्षांचा असताना, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, ताण द्यायचा, उठायचा, परत बसायचा. मला वाटलं बद्धकोष्ठ. दुपारी त्याने ट्रेमध्येच बसून जो आवाज काढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. वाळू चाळून पाहिली तर सकाळपासून एकही ओला गोळा नाही. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, लिंबाएवढी टणक झालेली लघवीची पिशवी माझ्याही हाताला लावून दाखवली आणि लगेच नळी घातली. दोन दिवस तिथेच ठेवावं लागलं. नुसत्या दाण्यांनी झालं असं ते म्हणाले नाहीत. वाढलेलं वजन, कमी पाणी, घरातलं रंगकाम, सगळं मिळून. पण पाणी आपल्या हातातलं, हे मात्र दोनदा म्हणाले.

बोक्याची लघवी अडली तर ते तातडीचं काम आहे. सकाळ होऊ द्या, उद्या बघू, असं करू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पिंपातलं साठवणीचं पाणी मांजराच्या वाटीत जातं. गाळून, रोज बदलून घाला. पसरट मातीची परळ सगळ्यात उत्तम, मिशा काठाला लागत नाहीत आणि पाणी गार राहतं. ती खाण्याच्या वाटीपासून आणि ट्रेपासून लांब ठेवा, शक्यतो दोन-तीन ठिकाणी. आमच्याकडे तो माठाखालच्या ताटलीत ठिबकणारं पाणीच पितो, म्हणून आता ती ताटली रोज घासते.

७. घरचं काय चालतं

दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या भागापर्यंत घरचं घाला, त्याने 'कम्प्लीट' खाण्याचा तोल बिघडत नाही. बिनमिठाचं उकडलेलं, हाड काढलेलं चिकन. उकडल्यावर खाली राहिलेलं पाणी फेकू नका, टॉरिनचा काही भाग त्यात उतरतो. दाण्यांवर ओता, पाणीही पोटात जाईल. उजनीची चिलापी स्वस्त मिळते. उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून. कच्ची नको, काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं द्रव्य असतं आणि ते शिजवल्यावर जातं. काळीज आठवड्यातून एखादा छोटा तुकडा. रोज घातलं तर जीवनसत्त्व अ जास्त होऊन हाडं आणि सांधे जखडतात.

निव्वळ चिकनवर पिल्लू वाढवू नका. "आम्ही तर पाकिटातलं घालतच नाही, रोज ताजं चिकन," हे अभिमानाने सांगणारे भेटतात. मांसात कॅल्शियम जवळजवळ नाही. उंदराची हाडं मांजर खातं, चिकनची आपण काढून टाकतो. काही महिन्यांत पिल्लाची हाडं ठिसूळ होतात.

रस्सा तर अजिबात नको. आपल्या मटणाच्या रश्श्यात कांदा आणि लसूण किती असतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात; शिजवून, वाळवून, पूड करूनही. शेंगा चटणीतही लसूण असतो. धुऊन काढलेला मटणाचा तुकडासुद्धा नको, आत मुरलेलं असतंच. चॉकलेट नको. आणि खाण्याचा विषय नसला तरी इथेच लिहिते: ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते.

दूध? बऱ्याच मोठ्या मांजरांना त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात. अव्वा अजून टॉवेलला चमचाभर देतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

८. बदलताना घाई नको

नवं पाकीट आणलं की पहिले दोन दिवस जुन्यात पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. आठ-दहा दिवसांत पूर्ण. एकदम बदललं की जुलाब, आणि दोष बिचाऱ्या पाकिटाला.

मांजराला उपाशी ठेवून 'भूक लागली की खाईल' हा मुलांवरचा उपाय इथे चालवू नका. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. २४ तास तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मूतखड्याचं, मूत्रपिंडाचं अशी औषधी पाकिटं मिळतात, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, शेजारणीच्या मांजराला लागू पडली म्हणून, आणू नका.

नवं खाणं पूर्ण सुरू झालं की सहा-आठ आठवडे द्या. शी बांधून येते का, अंगावरचे केस चमकतात का, वजन जागेवर आहे का, आठवड्यातून एकदापेक्षा जास्त ओकतंय का, एवढं बघत राहा. ओकारी किंवा जुलाब दोन दिवसांवर गेले तर मात्र थांबू नका.

पाकीट उघडलं त्या दिवसाची तारीख त्यावर मार्करने लिहा. मागच्या बाजूचा एक फोटो काढा, बॅच नंबर आणि घटक वाचता येतील असा, आणि पाकीट संपेपर्यंत मोबाईलमध्ये ठेवा. रात्री साडेदहाला डॉक्टर फोनवर विचारतात, "काय घालता त्याला?" तेव्हा "ते हो, निळं पाकीट, वर मासा आहे" असं मी एकदा सांगितलेलं आहे.